महादजी, मोझरेला आणि मी

शाळेत इतिहासात मला पस्तीसच्या वर मार्क कधी पडले नाहीत. स्वयंपाक हा विषय मुलांना नव्हताच, म्हणून त्यात निदान नापास झालो नाही. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली वीस वर्षं इतरांचे पैसे मोजतो आहे. अशा माणसाने चाळिशी उलटल्यावर इतिहास आणि स्वयंपाक या दोन्ही विषयांना एकदम बसावं, याला कारणही तसंच घडलं.

आमची थोरली पुण्याला शिकायला गेली. सुरुवातीला दर शनिवारी यायची. मग एकाआड एक शनिवारी येऊ लागली. मग फोन येऊ लागले. "बाबा, या शनिवारी नाही जमणार. मैत्रिणींबरोबर पिझ्झा खायला जायचंय."

आता आमच्या काष्टीचा शनिवार म्हणजे काय, हे श्रीगोंदा तालुक्यात कुणालाही विचारा. जनावरांचा बाजार! लांबलांबून बैल, गाई, म्हशी टेम्पोतून उतरतात, व्यापारी उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात. मी हिला म्हणालो, "ज्या गावात शनिवारी चार जिल्ह्यांतल्या म्हशी न चुकता येतात, तिथे आपली पोरगी येत नाही!" ही म्हणाली, "अहो, उपमा तरी जरा बघून द्या." पण मुद्दा तिला पटला होता. मी तिथल्या तिथे ठरवलं, पिझ्झा घरी करायचा. पोरगी पिझ्झ्याकडे जाते, तर पिझ्झाच काष्टीला आणू.

कॉमर्सचा माणूस इटलीला बिचकत नाही. आमच्या जमा-नावेच्या दुहेरी पद्धतीवरचं पहिलं छापील पुस्तक लुका पाचोली नावाच्या इटालियन संन्याशाने १४९४ साली व्हेनिसला काढलं. म्हणजे गेली वीस वर्षं मी इटालियनच मीठ खातो आहे. मजा अशी, की या पाचोलीबुवांनी जन्मात टोमॅटो पाहिला नसावा. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. स्पेनवाल्यांनी मेक्सिको घेतला १५२१ साली आणि बुवा वारले १५१७ साली. ज्या टोमॅटोशिवाय पिझ्झ्याचं पान हलत नाही, तो इटलीतही उपराच!

पहिला पिझ्झा एका रविवारी झाला. यीस्ट कोमट पाण्यात भिजवा, असं कृतीत होतं. कोमट म्हणजे किती, हे नव्हतं. मी चहाच्या आधणातलं पाणी घेतलं. यीस्ट हा जिवंत जीव असतो, तो उकळत्या पाण्यात मरतो, हे मला नंतर कळलं. पीठ काही फुगेना. जे तयार झालं त्याला धाकट्याने बोटाने वाजवून पाहिलं आणि "बाबा, हलगी!" म्हणाला.

दुसऱ्या खेपेला पाणी गार घेतलं. दिवस डिसेंबरचे. पीठ रात्रभर सरकारी फायलीसारखं एका जागी बसून राहिलं. तिसऱ्यांदा पीठ फुगलं, पण आनंदाच्या भरात मी त्यावर कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, मका आणि चीज इतकं रचलं, की वरून पाणी सुटलं आणि खालून कच्चं राहिलं. तो पिझ्झा चमच्याने खाल्ला. हिने तिन्ही पिझ्झ्यांचा खर्च माझ्या नावे टाकला. बँकेत ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. मीही हे तिन्ही पिझ्झे तिथेच टाकले.

आई हे सगळं माजघरातून पाहत होती. तिचा पावावरच मुळात राग. तिच्या सासूबाईंच्या काळात आमच्या घरी पाव यायचा तो फक्त तापाबरोबर. ताप गेला, की पावही बंद. मी म्हटलं, "अगं, पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. त्यांनी गोव्यात पाव भाजायला सुरुवात केली तेव्हा तिथे यीस्टची पुडी नव्हती. माडाच्या ताडीवर पीठ फुगवायचे."

"दारूवर?" आई म्हणाली. "मग बरोबरच होता सासूबाईंचा राग!"

मग मी पंचहौद काढलं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. समोर चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर राहिलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात रण माजलं. ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. आदल्याच वर्षी, १८८९ साली, इटलीच्या मार्गेरिता राणीने नेपल्समध्ये पिझ्झा चाखला आणि त्याला तिचं नाव मिळालं, अशी गोष्ट सांगतात. कथा पक्की नाही, पण पिझ्झ्यापुरती चालते. तिकडे राणी गोरगरिबांचं खाणं उचलून डोक्यावर घेते आणि इकडे आपण एका बिस्किटावरून दोन वर्षं भांडतो!

"आणि तू एकादशीला काय खातेस?" मी शेवटचं अस्त्र काढलं. "साबुदाण्याचा कंद अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, मिरचीसुद्धा अमेरिकेची! पांडुरंगाने यातलं एक तरी ज्ञानोबांच्या काळात पाहिलं होतं का?"

आई जराही डगमगली नाही. "मग माझ्या हाताखाली येऊन ते आपलं झालं ना? तुझा पिझ्झा अजून तुझ्या हाताखाली आलेला नाही, एवढाच फरक आहे."

हे वाक्य मला रात्री झोपू देईना. आणि एकदम महादजी शिंदे आठवले. श्रीगोंद्याला शिंद्यांचे वाडे आहेत, एस. टी.तून जाता-येता आम्ही पाहतो. महादजी १७६१ साली पानिपतावर होते. पायाला जबर जखम झाली, जन्मभर लंगडत चालले. पण धडा पक्का घेतला. कवायती पायदळ आणि तोफखाना यांच्याशिवाय पुढे निभाव नाही. म्हणून त्यांनी बेन्वा द ब्वाञ नावाचा माणूस ठेवला. हा शांबेरीचा, सव्हॉय राज्यातला. याच सव्हॉयचं राजघराणं पुढे १८६१ साली इटलीच्या गादीवर बसलं आणि मार्गेरिता त्याच घराची सून. म्हणजे पिझ्झ्याच्या राणीच्या मुलखाशी आमच्या तालुक्याचा संबंध पिझ्झ्याच्या कितीतरी आधीचा!

पण गोष्ट इथे संपत नाही. १७९४ साली महादजी गेले. १८०३ साली दौलतराव शिंद्यांची इंग्रजांशी जुंपली, तेव्हा परदेशी अधिकारी ऐन वेळी नोकरी सोडून गेले. असईला फौज शौर्याने लढली, तोफा उत्तम होत्या, पण हरली. पद्धत उसनी आणायला हरकत नाही. हात मात्र आपलेच लागतात.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखा आईसमोर पीठ ठेवलं. तिने पाण्यात बोट घातलं. "पाच अंक म्हणेपर्यंत बोट ठेवता आलं पाहिजे. एवढं कोमट!" पीठ भाकरीसारखं दाबून मळलं आणि चुलीशेजारच्या उबेला झाकून ठेवलं. ते दुप्पट झालं. नेपल्सची भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास तापते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो, असं मी सांगितलं. तिने जाड लोखंडी तवा चुलीवर चांगला तापवला, वर परात झाकली आणि परातीवर निखारे ठेवले. "वरखाली आच. आम्ही केकसुद्धा असाच केलाय." भाज्या तिने मोजून मूठभर टाकल्या. "जास्त लादलं की बैलसुद्धा बसतो."

बाजारात मी एका म्हशीवाल्याला सहज सांगितलं, की इटलीत मोझरेला म्हशीच्या दुधाचं करतात. तो म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघा, म्हणजे तिकडं तरी दुधाचं चीज होतंय!"

त्या शनिवारी थोरली आली. तव्यावरचा पिझ्झा पाहून पोटभर हसली, तीन तुकडे खाल्ले, आणि मग हळूच म्हणाली, "आजी, भाकरी आहे का गं? आणि ठेचा?"

माझा चेहरा पडला. मी म्हटलं, "अगं, तुला पिझ्झा आवडतो म्हणून तर..."

"आवडतो की. पण मी पिझ्झ्यासाठी तिकडे राहत नव्हते, बाबा." ती ताटाकडे बघत म्हणाली. "इथे आलं, की चप्पल काढायच्या आत तुम्ही मार्क विचारता. पहिल्या परीक्षेत कमी पडलेत. तिकडे पिझ्झा खाताना कुणी विचारत नाही."

घरात कुणी बोललं नाही. चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं.

वीस वर्षं आम्ही कारकुनी करतो. ताळा जुळत नाही, तेव्हा बेरीज बहुतेक वेळा बरोबर असते, नोंद चुकीच्या खात्यावर पडलेली असते. मी दोन महिने ती रक्कम पिझ्झ्याच्या खात्यावर टाकत होतो. ती माझ्याच नावे होती.

इतिहासात पस्तीसच्या वर कधीच न गेलेल्या बापाने मार्क कोणत्या तोंडाने विचारावेत? मी घसा साफ केला आणि म्हटलं, "ठेच्यात मीठ बरोबर आहे का?"

"थोडं जास्त आहे," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी घेतली.

पुढच्या शनिवारीही आली. बाजार दणक्यात भरला होता.