महाराष्ट्र केसरी किताबाच्या लढती, अहिल्यानगर जिल्हा (2025)

राज्यातील सर्वोच्च कुस्ती किताबासाठी 2025 साली एकाच जिल्ह्यात झालेल्या दोन स्वतंत्र अंतिम लढती. पहिली 2 फेब्रुवारीला अहिल्यानगर शहरातील वाडिया पार्क मैदानावर, दुसरी 30 मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी, कर्जत येथे. पहिलीत पुणे जिल्ह्याचा पृथ्वीराज मोहोळ, तर दुसरीत सोलापूरचा वेताळ शेळके विजयी झाला. वाडिया पार्कची स्पर्धा 67वी म्हणून नोंदली गेली आणि तिच्यानंतर दोन महिन्यांनी झालेली कर्जतची 66वी! हा उलटा हिशेब समजून घ्यायचा तर आखाड्याबाहेरची कुस्ती आधी पाहावी लागते.

महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 पासून सुरू आहे. मामासाहेब मोहोळ यांनी उभी केलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ती भरवत असे. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने ही परिषद बरखास्त केली. त्यानंतर रामदास तडस यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघ पुढे आला. परिषदेनेही माघार घेतली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये संघाने पुण्याजवळ फुलगावला आणि परिषदेने धाराशिवला, अशा दोन स्पर्धा एकाच महिन्यात घेतल्या. फुलगावात सिकंदर शेख केसरी झाला, धाराशिवात शिवराज राक्षे. तेव्हापासून दोन्ही संघटनांची क्रमांकांची मोजणी वेगळी पडली.

किताबापर्यंतचा रस्ता दोन वाटांनी जातो. केसरी गटातले मल्ल माती आणि गादी अशा विभागांत स्वतंत्रपणे खेळतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. शेवटची कुस्ती गादीवर होते, हा मातीतल्या पैलवानांचा जुना सल आहे आणि तो अगदीच निराधार नाही.

संघाच्या वाडिया पार्कच्या स्पर्धेत खरी ठिणगी पडली ती गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत. मोहोळने राक्षेला खाली घेतले आणि पंचांनी चितपट दिली. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे म्हणत राक्षेने चित्रफीत पाहण्याची मागणी केली. गुणांच्या निर्णयावर पैलवानाच्या बाजूने दाद मागता येते. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चितपटीवर तशी दाद नसते, कारण ती एकट्या पंचाच्या शब्दावर दिली जात नाही, तिला गादीप्रमुखाची किंवा दुसऱ्या पंचाची संमती लागते. नियम असा असला तरी जिथे अर्ध्या सेकंदावर वर्षभराची मेहनत तोलली जाते, तिथे चित्रण हाताशी असूनही न पाहणे प्रेक्षकांना पटणे अवघडच. चिडलेल्या राक्षेने पंचाला लाथ मारली. मैदानात गोंधळ उडाला, पोलिसांना मध्ये पडावे लागले.

त्याच संध्याकाळी माती विभागाचा विजेता, सोलापूरचा महेंद्र गायकवाड, मोहोळसमोर उभा राहिला. गायकवाडने परभणीच्या साकेत यादवला हरवून ही जागा मिळवली होती. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला याच किताबाच्या लढतीत तो राक्षेकडून हरला होता, म्हणजे ही त्याची दुसरी संधी. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची ही कुस्ती डावांपेक्षा सावधपणाचीच झाली. एकेका गुणाने खेळ सरकत गेला आणि मोहोळकडे 2-1 आघाडी आली. 16 सेकंद उरले असताना पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन गायकवाड गादीवरून उतरला आणि मोहोळ विजेता ठरला. चांदीची गदा आणि थार गाडी त्याला मिळाली. राक्षे आणि गायकवाड दोघांवरही संघाने तीन वर्षांची बंदी जाहीर केली. टाळ्यांनी सुरू झालेली संध्याकाळ अशी हुज्जतीत संपली, यात मोहोळच्या कुस्तीकडे फारसे कुणाचे लक्ष राहिले नाही, हे त्याच्यावर अन्यायाचेच.

कर्जतची स्पर्धा परिषदेची. यजमानपद आमदार रोहित पवार यांच्याकडे होते. शेळकेने अंतिम कुस्तीत पृथ्वीराज पाटीलला गुणांवर हरवले. पाटील हा 2022 चा, साताऱ्यात झालेला महाराष्ट्र केसरी.

एकाच मोसमात दोन सर्वोच्च विजेते, हा प्रकार इतरत्रही घडला आहे. युरोपातील क्लब बास्केटबॉलमध्ये 2000-01 च्या मोसमात मोठ्या क्लबांच्या संघटनेने युरोलीग सुरू केली, तर जागतिक महासंघ फिबाने सुप्रोलीग भरवली. युरोलीगमध्ये बोलोन्याच्या किंडर संघाने स्पेनच्या ताऊ सेरामिकाला पाच सामन्यांच्या अंतिम मालिकेत 3-2 असे हरवले. मानू जिनोबिली त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सुप्रोलीग मक्काबी तेल अवीवने पॅरिसमध्ये पानाथिनाइकोसला नमवून जिंकली. तिथे पुढच्याच मोसमात दोन्ही गट एका स्पर्धेत आले. शिवाय पाच सामन्यांच्या मालिकेत एखादा चुकीचा निर्णय पचून जातो. केसरीची कुस्ती एकदाच होते.

अहिल्यानगर शहराला याआधी 2014 च्या स्पर्धेचा मान मिळाला होता. जळगावच्या विजय चौधरीने आपल्या सलग तीन किताबांपैकी पहिला तेव्हा इथेच जिंकला.