तंजावरचे पानक

राज्यांचा इतिहास आपण लढायांनी आणि तहांनी मोजतो. परंतु दारी आलेल्या तहानलेल्या माणसास समाज काय देतो आणि कसे देतो, यावरूनही त्याची पारख होते. अरबस्तानात पाहुण्यापुढे कॉफी येते, जपानात चहा. तंजावरात मात्र हा शोध मराठी माणसाला स्वतःच्याच इतिहासात घेऊन जातो.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी भोसल्यांची गादी स्थापिली. त्यांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अन्नाबरोबरच पाणी, दूध व ताक यांच्या गुणदोषांचा विचार केलेला आढळतो.

रामनवमीला तमिळ घरांत गूळ, सुंठ आणि वेलदोडे घातलेले ‘पानकम्’ व पातळ ताक, म्हणजे ‘नीर्मोर’, वाटतात. आपल्याकडे त्याच चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे असते. पन्हे आणि पानकम् ही दोन्ही संस्कृत ‘पानका’चीच लेकरे. तेव्हा मराठ्यांनीच ते दक्षिणेत नेले, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. तंजावरात गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथे परके नव्हे, तर ओळखीचेच पेय निराळ्या चवीने भेटले असले पाहिजे.

१७९९ च्या तहाने दुसरे सरफोजी यांच्या हातून राज्यकारभार गेला. तो कंपनीकडे आला. राजांपाशी मग उरले काय? रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा. १८०१ साली रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी या दानधर्माचे वर्णन करून तो अबाधित राहावा, अशी विनंती केली. पुढे ओरत्तनाड येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. अन्नपाणी सर्व जातींच्या वाटसरूंना मिळे, पण पंक्ती निराळ्या असत, हेही नमूद केले पाहिजे.

१८५५ मध्ये गादी संपली. विसाव्या शतकात कुंभकोणमची कॉफी पितळी डबरा-टंबलरातून घरोघरी पोहोचली. तरी आरंभीच्या कॉफी हॉटेलांत ब्राह्मणांच्या जागा वेगळ्याच राखलेल्या असत. पेय बदलले, पण कोणी कोणाशेजारी बसून प्यावे, हा प्रश्न लवकर सुटला नाही.

तंजावरच्या मराठ्यांचे वैभव सरस्वती महालातील पोथ्यांत पाहावे, हे खरेच. परंतु राज्य गमावल्यावरही वाटसरूच्या अन्नपाण्यासाठी सत्तेपाशी शब्द टाकणारा राजा, हाही त्या वारशाचाच भाग आहे.