बेगमी बर्फातल्या घराची

कोकणात मृग लागायच्या आत घरोघर जी गडबड उडते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘बेगमी’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सांडगे-पापड, जळणाची लाकडे, सारे चार महिन्यांचे भरून ठेवायचे. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. पण समजा, ते चार महिने पावसाऐवजी बर्फाचे आहेत, बाहेर उणे साठ अंश तापमान आहे, सूर्य उगवतच नाही, सर्वांत जवळचे माणूस दोनशे किलोमीटरवर आहे आणि घर राखायला तुम्ही एकटेच आहात. तर बरोबर काय काय घ्याल?

१९३४ साली ॲडमिरल रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकासमोर हा प्रश्न खरोखरीच उभा होता. पण त्यांच्याकडे वळण्याआधी सव्वातीनशे वर्षांहून जुनी एक हकिकत सांगायला हवी. दोन्ही घरांचा धागा एकच आहे.

१५९६ साली विलेम बॅरेंट्स हा डच नाविक उत्तरेकडून चीनकडे जाणारी वाट शोधायला निघाला. उन्हाळा संपता संपता त्याचे जहाज नोव्हाया झेमल्या बेटाच्या ईशान्य टोकाशी बर्फात अडकले. सतरा माणसे होती. सुतार घर उभे राहण्याआधीच वारला. उरलेल्यांनी किनाऱ्याला वाहत आलेले ओंडके आणि जहाजाच्या फळ्या जमवून घर बांधले, धुराड्याच्या तोंडावर एक पिंप बसवले आणि निजताना उशापायथ्याशी तापवलेले दगड घेतले. त्यांच्यातल्या गेरिट द वेर याने रोजनिशी ठेवली होती. घड्याळ गोठून बंद पडले, तेव्हा बारा तासांच्या वाळूच्या घटिकेवर दिवस मोजले, असे तो सांगतो. शेकोटीजवळ पाय नेले तर ऊब जाणवायच्या आधी मोजे जळायचे.

डिसेंबरच्या ७ तारखेला थंडी असह्य झाली. कोणाला तरी जहाजावरचा दगडी कोळसा आठवला. तो आणून पेटवला. खोली मस्त उबदार झाली. ही ऊब रात्रभर टिकावी म्हणून त्यांनी दार आणि धुराडे बंद केले, फटी बुजवल्या आणि गप्पा मारत पडले. थोड्याच वेळात एकेकाला घेरी येऊ लागली. ज्याच्या अंगात जरा त्राण होते, त्याने कसेबसे उठून दार उघडले आणि तो बाहेरच्या बर्फात कोसळला. द वेरने त्याच्या तोंडावर व्हिनेगर शिंपडून त्याला शुद्धीवर आणले. आतापर्यंत ज्या थंडीला शिव्या घातल्या, तिनेच त्या रात्री सर्वांचा जीव वाचवला.

कार्बन मोनॉक्साइडचे नाव तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. हा वायू अर्धवट जळणातून तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून माणूस श्वास घेत असूनही गुदमरतो. आणि गुदमरतोय हे त्याला कळत नाही, फार तर डोके दुखते, झोप येते. थंड प्रदेशात हा धोका दुहेरी असतो. माणूस ऊब राखण्यासाठी फटी बुजवतो. धुरातली वाफही नळीत गोठून बर्फ होते आणि धूर जायची वाट अरुंद करते.

आता बर्ड यांच्याकडे. अंटार्क्टिकावर किनाऱ्यालगत ‘लिटल अमेरिका’ हा त्यांचा मुख्य तळ होता. तिथून सुमारे दोनशे किलोमीटर आत एक हवामान केंद्र बसवायचे ठरले. तिथे तिघांनी राहावे, असा बेत होता. ट्रॅक्टर रखडले, हंगाम सरत आला, तिघांपुरते सामान पोचेना. दोघे ठेवले, तर एवढ्याशा खोलीत ते एकमेकांचे वैरी होतील. म्हणून बर्ड स्वतः एकटेच राहिले. यात एकांत चाखून पाहण्याची हौसही होती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले आहे.

घर अमेरिकेतच तयार करून आणले होते. नऊ फूट बाय तेरा फूट. खड्डा खणून ते बर्फात पुरले, फक्त छत वर. शेजारी बर्फात दोन बोगदे, एकात अन्नधान्य, दुसऱ्यात इंधन. साडेतीनशे मेणबत्त्या, चारशेवर काडेपेट्या, फोनोग्राफ, पुस्तके. मार्चअखेर सोबती परतले आणि बर्ड यांनी सामान लावायला घेतले, तेव्हा ध्यानात आले की दोन गोष्टी राहून गेल्या आहेत, गजराचे घड्याळ आणि स्वयंपाकाचे पुस्तक. पहिल्यांदा मक्याचे पीठ शिजवले ते भांड्यातून ज्वालामुखीसारखे उसळून बाहेर आले. आपल्याकडे नव्या संसारात अंदाज न आल्याने भाताचे असेच होते, म्हणून हे वाचताना हसू येते.

पण खरी चूक या दोन वस्तूंची नव्हती. शेगडी मुळात कोळशाची, ती तेलावर चालेलशी बदलून घेतलेली. तिच्या नळीचे सांधे नीट बसलेले नव्हते. शिवाय रेडिओसाठी पेट्रोलचे इंजिन बोगद्यात ठेवले होते. ३१ मे रोजी लिटल अमेरिकेशी संभाषण चालू असताना इंजिनाचा आवाज बदलला, म्हणून ते पाहायला गेले आणि तिथेच पडले. इंजिनाचा धूर बाहेर जायची वाट बर्फाने बुजली होती.

पुढचे दोन महिने विलक्षण पेचाचे गेले. शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर उणे साठ अंश. रोज कित्येक तास शेगडी बंद ठेवून ते झोपपिशवीत पडून राहत. भिंतींवर बर्फ छताकडे चढत होता. तरीही हवामानाच्या नोंदी त्यांनी चालू ठेवल्या. आपण आजारी आहोत हे मात्र रेडिओवर सांगितले नाही. सांगितले असते, तर माणसे काळोखात धावून आली असती आणि वाटेत मेली असती. पण मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधली चुकामूक तिकडच्यांना खटकत होतीच. उल्कांच्या निरीक्षणाचे निमित्त काढून थॉमस पोल्टर दोन सोबत्यांसह निघाले आणि दोन प्रयत्न फसल्यावर ऑगस्टमध्ये पोचले. बर्ड यांनी त्यांना गरम सूप घ्यायला आत बोलावले आणि शिडीच्या पायथ्याशी ते स्वतः कोसळले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते विमानात बसण्याइतके सावरले नव्हते. ही सारी हकिकत त्यांनी चार वर्षांनी, १९३८ साली, ‘अलोन’ या पुस्तकात लिहिली.

हे सगळे आपल्यापासून फार दूरचे वाटते, पण तसे नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. १९८४ साली बारा भारतीयांनी दक्षिण गंगोत्री या केंद्रात पहिला हिवाळा काढला. तेही घर पुढे बर्फाखाली गाडले गेले. १९९० मध्ये ते सोडावे लागले आणि खडकावर बांधलेले मैत्री हेच मुख्य केंद्र झाले. त्याच वर्षी भारतीय मोहिमेतल्या चार सदस्यांचा डोंगरातल्या छावणीत, तंबूत झोपेतच, याच वायूने मृत्यू झाला. बर्ड यांचे पुस्तक तेव्हा बावन्न वर्षांचे जुने होते.

अंटार्क्टिकाला जाणाऱ्या भारतीय चमूला आजही निघण्याआधी औलीला बर्फात राहण्याचे शिक्षण दिले जाते. मोहिमा आखणारी राष्ट्रीय संस्था वास्कोला आहे. तंबूत स्टोव्ह पेटवण्याआधी हवेची खिडकी उघडी आहे ना, हे पाहायचे असते. वाऱ्याने बर्फ साचून ती बुजली, तर कडाक्याच्या थंडीतही बाहेर जाऊन मोकळी करायची.

बॅरेंट्सचे ते लाकडी घर १८७१ साली एलिंग कार्लसन या नॉर्वेजियन कप्तानाला सापडले. बॅरेंट्स स्वतः जून १५९७ मध्ये परतीच्या वाटेवर उघड्या होडीत वारला. सतरापैकी बारा जण ॲमस्टरडॅमला पोचले. मागे सोडलेल्या त्यांच्या वस्तू तिथल्या राइक्सम्युझियममध्ये ठेवल्या आहेत.