पावती फाडावी की भांडावं?

आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक हिशेब दर दोन-चार महिन्यांनी होतोच. कुणाच्या तरी मोबाईलवर ई-चलन आलेलं असतं आणि तो शपथेवर सांगत असतो की सिग्नल पिवळाच होता. बाकीचे विचारतात, दंड किती? पाचशे. कोर्टात जायचं तर एक लीव्ह जाणार, वर पुढची तारीख मिळाली तर दुसरी. म्हणजे भर आणि मोकळा हो. हिशेबात काहीच चूक नाही. मामा समोर उभा असायचा तेव्हाही आपण असाच हिशेब करायचो, फक्त तेव्हा पावती फाडायची की "साहेब, बघा ना काहीतरी" म्हणायचं एवढाच प्रश्न असायचा.

पण या हिशेबाची एक गंमत आहे. दंड इतका लहान असतो की भांडणं परवडत नाही, आणि कुणी भांडत नाही म्हणून ज्या यंत्राने किंवा फॉर्म्युल्याने आपल्याला दोषी ठरवलं ते कधी तपासलंच जात नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. बग नोंदवायला तीन पानी फॉर्म भरावा लागत असेल तर बग नोंदवले जात नाहीत. ते असतात मात्र सगळे जागच्या जागी. म्हणून जे लोक लीव्ह टाकून भांडले त्यांचा इतिहास वाचायला घेतला, आणि त्यात अडकलोच.

सुरुवात इंग्लंडमधून. जानेवारी १८९६. केंट परगण्यातल्या पॅडक वुड गावातून वॉल्टर आर्नल्ड नावाचे गृहस्थ आपल्या मोटारीतून ताशी ८ मैल वेगाने गेले. गावातली मर्यादा होती ताशी २ मैल! म्हणजे आपण लग्नाच्या वरातीत चालतो त्याहून कमी. गावचा पोलीस घरी जेवत होता म्हणतात, तो ताटावरून उठला, सायकलवर बसला आणि पाच मैल पाठलाग करून त्याने आर्नल्डना गाठलं. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग, वर कोर्टाचा खर्च. वेगाची पहिली पावती म्हणून हीच घटना सांगितली जाते. आर्नल्ड स्वतः बेन्झ गाड्यांच्या धंद्यात होते, त्यामुळे एका शिलिंगात एवढी जाहिरात त्यांना महाग पडली नसणार.

२ मैलांचा हा कायदा रस्त्यावरून धडधडत जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी १८६५ मध्ये झाला होता. इंजिनापुढे लाल बावटा घेऊन चालणारा माणूस हवा, असं त्यात होतं. बावटा १८७८ मध्ये गेला, पुढे चालणारा माणूस मात्र राहिला, आणि तो नव्हता म्हणूनही आर्नल्डवर आरोप होता. नोव्हेंबर १८९६ पासून मर्यादा १४ मैलांवर गेली, १९०३ च्या कायद्याने २० वर.

इथपर्यंत ठीक. खरी मजा यानंतर आहे. पोलिसांनी रस्त्याचा एक फर्लांगाचा वगैरे तुकडा मोजून घ्यायला सुरुवात केली. एक हवालदार या टोकाला झुडपात, दुसरा त्या टोकाला, हातात स्टॉपवॉच. २० मैलांच्या वेगाने फर्लांग पार करायला साडेबावीस सेकंद लागतात. घड्याळाचं बटण दीड सेकंद उशिरा दाबलं की कायदा पाळणारा माणूस साडेएकवीस मैलांनी पळणारा गुन्हेगार होतो. आणि बटण दाबणारा झुडपात वाकून बसलेला. तुम्ही सांगा, अशा इनपुटवर कुठलं आउटपुट मान्य करायचं?

मोटारवाल्यांनी यावर जे केलं ते मला फारच आवडलं. १९०५ मध्ये त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली, आणि तिचं पहिलं काम होतं सायकलवरची माणसं रस्त्यावर फिरवून पुढे सापळा आहे ते चालकांना कळवणं. म्हणजे आज आपण समोरून येणाऱ्याला हेडलाईट मिचकावतो, त्याची पगारी आवृत्ती. प्रकरण कोर्टात गेलं. १९०७ च्या एका निकालात कोर्टाने म्हटलं की इशारा मिळाला तेव्हा ती गाडी वेगमर्यादा मोडत होती याचा पुरावा नाही, मग पोलिसांच्या कामात अडथळा कसला? पण पुढच्या दोन-तीन वर्षांतच दुसऱ्या खटल्यात उलटं झालं. तिथे गाड्या मर्यादेबाहेर धावत असल्याचं सिद्ध झालं होतं, आणि इशारा देणारा संघटनेचा माणूस दोषी ठरला.

मग काय, इशारे बंद? छे! संघटनेने नियम केला की गाडीवर आपला बिल्ला दिसला की आपला माणूस सलाम ठोकणार. आणि सलाम ठोकला नाही तर सभासदाने गाडी थांबवून कारण विचारायचं. आता सलाम न ठोकणं हा गुन्हा कसा ठरवणार? कुठल्या कलमाखाली? १ ऐवजी ० पाठवून निरोप देण्याची ही युक्ती बघून कुठल्याही प्रोग्रामरला भरून येईल. सलामाची ही पद्धत पुढे कित्येक दशकं टिकली. ती २० मैलांची मर्यादा मात्र १९३० च्या कायद्याने रद्द झाली, आणि १९३५ मध्ये वस्तीच्या भागासाठी ३० मैलांची नवी मर्यादा आली ती आजही मुळात तीच आहे.

अर्थात हे लोक काही साधुसंत नव्हते. रस्ता फक्त आपलाच आहे असं मानणारे श्रीमंत गाडीवाले होते, आणि पायी चालणाऱ्यांचं काय होतंय याची चिंता त्यांच्यातल्या बहुतेकांना नसावी. वेगमर्यादा लागतेच. पण झुडपातलं स्टॉपवॉच चुकू शकतं हेही तितकंच खरं, आणि आपण नेहमी या दोन गोष्टींची मिसळ करतो.

स्टॉपवॉचच्या जागी रडार आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, माणसाची चूक संपली. १९७९ मध्ये अमेरिकेत मायामीला एका टीव्ही बातमीदाराने पोलिसांच्या रडारची चाचणी कॅमेऱ्यासमोर दाखवली. रडारच्या म्हणण्यानुसार एक घर ताशी २८ मैलांनी चाललं होतं आणि एक ताडाचं झाड ताशी ८६ मैलांनी. ताशी १३८ किलोमीटर, झाड! वेगाच्या पावत्यांना आव्हान देणारे बरेच खटले तिथे एकत्र ऐकले गेले आणि न्यायाधीश आल्फ्रेड नेस्बिट यांनी रडारचा पुरावा ग्राह्य धरायला नकार दिला. रडार हे तत्त्व खोटं नाही, डॉप्लर परिणाम आपण बारावीला शिकलोय. पण समोर दोन-तीन गाड्या असल्या तर ते कुणाचा वेग सांगतंय, ट्रान्समीटरची किंवा पंख्याची ढवळाढवळ आहे का, हे ओळखायला हातात धरणारा शिकलेला लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ती.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, बीव्हर्टन गावी, मॅट्स यार्लस्ट्रॉम यांच्या बायकोच्या नावावर सिग्नलच्या कॅमेऱ्याचं तिकीट आलं. हे गृहस्थ मूळचे स्वीडनचे, तिथे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरिंग शिकलेले. कुणीही दंड भरून विसरला असता. यांनी विचारलं, पिवळा दिवा किती सेकंद ठेवायचा हे ठरवतं कोण?

उत्तर १९६० च्या एका शोधनिबंधात होतं. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाशी संबंधित डेनोस गॅझिस, रॉबर्ट हरमन आणि अलेक्सेई माराडुडिन या तिघांनी तो लिहिला. (यातले हरमन म्हणजे तेच, ज्यांनी राल्फ आल्फरबरोबर १९४८ मध्ये विश्वात महास्फोटाचं उरलेलं मंद प्रारण असणार असं भाकीत केलं होतं. ते प्रारण पुढे सापडलं, नोबेल दुसऱ्यांना मिळालं, आणि मधल्या काळात हा माणूस सिग्नलच्या पिवळ्या दिव्यावर काम करत होता. करियरची चिंता करणाऱ्यांनी वाचून ठेवावं.) त्यांचा प्रश्न सोपा होता. पिवळा लागला तेव्हा सिग्नलपासून असं एक अंतर असतं की त्याच्या आत असाल तर आरामात थांबता येत नाही. मग निदान लाल लागायच्या आत रेषेपर्यंत पोचता तरी आलं पाहिजे. दोन्ही जमत नसेल तर चालक कसाही वागला तरी गुन्हेगारच.

आकडे घालून बघू. वेग ताशी ४८ किलोमीटरहून किंचित जास्त, म्हणजे सेकंदाला १३.४ मीटर. चालकाला भान यायला १ सेकंद, ब्रेकचा मंदन ३.०५. हे तिकडचे नेहमीचे आकडे आहेत. थांबायला लागणारं अंतर येतं जवळजवळ ४३ मीटर, आणि तेवढं अंतर त्याच वेगाने कापायला ३.२ सेकंद. म्हणून पिवळा ३.२ सेकंद. सुंदर.

पण "त्याच वेगाने" हे शब्द परत वाचा. सरळ जाणारा त्याच वेगाने जाईल. वळणारा जाईल का? तो वळायच्या आधी वेग कमी करणार, करायलाच पाहिजे. माझा ढोबळ हिशेब असा की रेषेपाशी त्याला ताशी २० किलोमीटरवर यायचं असेल तर त्याच ४३ मीटरला सुमारे ३.९ सेकंद लागतात. म्हणजे शहाण्यासारखं वळणारा माणूस पाऊण सेकंदाने लाल दिवा तोडतो, आणि ते टाळायचं तर त्याने वळणावर वेग कमी करायचा नाही! मूळ निबंधातलं गणित चुकलेलं नव्हतं. गृहीतक स्पष्ट होतं, पण वापरणाऱ्यांनी फॉर्म्युला उचलला आणि गृहीतक मागे सोडलं. कोड कॉपी करताना वरची कमेंट उडवणारे आपल्याकडे काय कमी आहेत?

यार्लस्ट्रॉम यांनी वळणाऱ्या गाड्यांसाठी सूत्र वाढवून काढलं आणि दिसेल त्याला पत्र लिहिलं. त्यातलं एक पत्र गेलं राज्याच्या इंजिनियर परवाना मंडळाला. मंडळाने गणित तपासायच्या ऐवजी पत्र लिहिणाऱ्यालाच तपासलं. तुम्ही स्वतःला इंजिनियर म्हणवता, परवाना कुठे आहे? चौकशी झाली आणि परवान्याशिवाय इंजिनियरिंग केल्याबद्दल २०१७ च्या सुरुवातीला ५०० डॉलर दंड. मी हे वाचून खुर्चीतून पडायचा बाकी होतो. आपल्या चार वर्षांच्या डिग्रीनंतर आपण सगळेच स्वतःला इंजिनियर म्हणवतो, ओरेगॉनला गेलो असतो तर सगळ्यांचीच पावती फाटली असती.

यावेळी ते फेडरल कोर्टात गेले. मंडळाने माघार घेऊन दंड परत केला, तरी त्यांनी खटला सोडला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये न्यायाधीश स्टेसी बेकरमन यांनी निकाल दिला की इंजिनियर या शब्दावर अशी सरसकट बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. तिकडे मूळ निबंधाच्या तीन लेखकांपैकी हयात असलेल्या माराडुडिन यांनी यार्लस्ट्रॉमची बाजू घेतली, की आमचं सूत्र वळणाऱ्यांसाठी नव्हतंच. आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक इंजिनियरांच्या संस्थेने पिवळ्या दिव्याची मार्गदर्शक तत्त्वं बदलली, त्यात वळणाऱ्या गाड्यांचं सूत्र आलं. साठ वर्षं प्रॉडक्शनमध्ये चाललेला बग, आणि तो बंद व्हायला एका तिकिटापासून सात वर्षं लागली.

सात वर्षं! म्हणून मी टेबलावरच्या मित्राला "लढ" असं म्हणत नाही. आपल्याकडे तर भाषाच वेगळं सांगते. आपण जे भरतो त्याला कागदोपत्री तडजोड शुल्क म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे ही कोर्टात न जाता केलेली तडजोडच असते, कुणी दिलेला निकाल नसतो. लोकअदालतीत रांगा लागतात त्याही तडजोडीसाठीच, तिथे कॅमेऱ्याबद्दल प्रश्न विचारायला कुणी येत नाही.

पण विचारण्यासारखं काही आहे हे आपल्याकडेही मान्य झालंय. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की चलन देणाऱ्या कॅमेऱ्यांना आणि स्पीडगनना मान्यता प्रमाणपत्र लागेल आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. आणि २०२५ मध्ये वेग मोजणारी रडार यंत्रं वैधमापन नियमांखाली आली, म्हणजे तपासणी आणि शिक्का. वाण्याच्या तराजूला शिक्का लागतो हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं, स्पीडगनला तो लागायला मात्र २०२५ उजाडलं.

तेव्हा माझं सध्याचं लॉजिक असं आहे. हेल्मेट नसल्याचा फोटो आला तर निमूट भरायचं, त्यात मोजण्यासारखं काही नाही आणि डोकं आपलंच आहे. नंबर प्लेट माझी नसेल तर तक्रार, कारण ती खोडणं सोपं. वेगाचं किंवा पिवळ्या-लालच्या सीमारेषेवरचं चलन असेल तर दंड भरायचा की नाही ते नंतर ठरवू, आधी एकच लेखी प्रश्न: हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं? मागच्या महिन्यात एका वेगाच्या चलनावर तसा ई-मेल टाकलाय. अजून उत्तर नाही. आलं की सांगेनच.