दांडेलीची लाकूडवाट

हुबळी-धारवाडच्या जुन्या मराठी घरांत सागवानी चौकट, शिसवी पलंग किंवा निदान एखादा पाळणा तरी असतोच. लाकूड कुठले असे विचारले, की थोरली मंडळी सहज सांगतात, "दांडेलीचे." धारवाडहून हल्याळमार्गे तिथे पोहोचायला साठेक किलोमीटर. एवढ्या जवळच्या रानाचा इतिहास मात्र आपल्याला फारसा ठाऊक नसतो.

वनखात्याच्या परवानगीने, वाटाड्या बरोबर घेऊन इथल्या रानात चालणाऱ्यांनी पायाखालच्या वाटेकडे जरा नीट पाहावे. माणसांनी पाडलेली पायवाट चढ दिसला की सरळ अंगावर घेते. लाकडाचा रस्ता तसे करीत नाही. भरलेली बैलगाडी उतारावर आवरत नाही आणि चढावर ओढवत नाही, म्हणून तो डोंगराच्या कुशीने रुंद वळणे घेत बेताच्या चढाने जातो. आज त्यावर रानमोडी आणि घाणेरी माजली आहे, पावसाळ्यात चाकोऱ्यांचे ओहोळ होतात. पण भोवती झाडे दाट असताना मधलाच पट्टा मोकळा आणि सपाट दिसला, तर तिथून कधीतरी ओंडके गेले असे समजायला हरकत नाही. कडेला साग, जांभा, किंजळ आणि ऐन. या ऐनाला कानडीत मत्ती म्हणतात. आपल्यापैकी अनेकांना तेच नाव आधी आठवते.

या रानावर सरकारची नजर प्रथम वळली ती जहाजांमुळे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागीर सागवानी जहाजे बांधीत. तिथे १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये अजून पाण्यावर आहे. पश्चिम किनाऱ्याचा साग झपाट्याने संपू लागला, तेव्हा मुंबई सरकारने १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनरक्षक नेमले. उत्तर कानडा त्या वेळी मद्रास इलाख्यात होता, तो १८६२ मध्ये मुंबईकडे आला. तेव्हा लाकूड काळी नदीने समुद्राकडे जाई. ओला साग पाण्यात बुडतो, त्यामुळे तो आधी वाळवावा लागे.

मग रेल्वे आली आणि लाकडाची दिशाच बदलली. १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय धारवाडला होते. आज ज्या भव्य इमारतीत कर्नाटक कॉलेज भरते, तीच ती इमारत. आपल्यापैकी कित्येकजण तिथे शिकले, पण लाकडी स्लीपरांचे हिशेबही कधीकाळी तिथेच होत असतील हे क्वचितच कुणाच्या मनात आले असेल. रुळाच्या एका किलोमीटरला हजारावर स्लीपर लागतात, आणि पावसा-वाळवीने ते पुन्हापुन्हा बदलावे लागतात. पुढे अळणावरहून दांडेलीकडे सुमारे ३२ किलोमीटरचा फाटा निघाला, तो मुख्यतः मालासाठी. डोंगरातले गाडीरस्ते आता नदीऐवजी रेल्वेला येऊन मिळू लागले. ओंडके ओढायला हत्ती असत, पण झाड पाडणारे, सोलणारे, गाडी हाकणारे हात माणसांचे होते. त्यांची नावे कुठल्याच फलकावर नाहीत.

१८७८ च्या वनकायद्याने रान 'राखीव' झाले. कुमरी, म्हणजे झाडोरा जाळून केलेली फिरती शेती, त्याच्याही आधीपासून आवळत आणली होती. सरकारचे म्हणणे असे की कुमरीने सागाचा नाश होतो. त्यात तथ्य होते, पण त्याच सरकारच्या कुऱ्हाडी शेजारीच चालत होत्या.

या सगळ्यात एका समाजाकडे आपले लक्ष कमी गेले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा भागांत धनगर गवळी राहतात. म्हशी पाळतात आणि घरात मराठी बोलतात. पूर्वज कोल्हापूर-साताऱ्याकडून आले असे सांगतात. दसरा त्यांचा मोठा सण, त्यात शिलंगणाचा नाच असतो. आपण शहरात नाट्यसंगीत आणि दिवाळी अंक जपले, त्यांनी रानात आपली बोली जपली. चराईच्या नियमांचा जाच मात्र त्यांच्या वाट्याला आला. 'मराठी कुटुंबे' म्हणून आपण यादी करतो तेव्हा ते तिच्यात नसतात, हे मला खटकते.

स्वातंत्र्यानंतर रानाने आणखी देणे दिले. दांडेलीत वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली आणि बांबूला कारखान्याची वाट मिळाली. आपल्या शाळेच्या वह्यांचा कागद कदाचित तोच. १९५६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, पण झाडतोड त्यानंतरही चालू होती. सप्टेंबर १९८३ मध्ये शिर्सीजवळच्या साळकणी गावात लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या. 'अप्पिको' या कानडी शब्दाचा अर्थच 'मिठी मार'. १९८७ मध्ये अंशी राष्ट्रीय उद्यान झाले, त्याच सुमारास सुपा धरण पूर्ण होऊन जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. २००७ मध्ये दांडेली-अंशी व्याघ्रप्रकल्प झाला. आता त्याला काळी व्याघ्रप्रकल्प म्हणतात. गाभ्यातली काही कुटुंबे भरपाई घेऊन बाहेर पडली.

म्हणून गाभ्यातल्या जुन्या लाकूडवाटांवर आज आपल्याला मनमानी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कुळगीच्या निसर्ग शिबिरापासून परवानगी असलेल्या वाटेने निघावे, पावसाळ्यात जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी घ्यावी. वाटेत गवळ्यांची वस्ती लागली, तर त्यांच्याशी मराठीत बोलावे. त्यांची मराठी आपल्यापेक्षा निराळी आहे, पण समजते.