कॅम्प्टोथेसिन

कर्करोगावरील काही महत्त्वाच्या औषधांचे मूळ असलेले वनस्पतिजन्य अल्कलॉइड. अमेरिकेतील मन्रो वॉल व नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षापासून ते वेगळे केले. संरचना १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. काम चिकाटीचे होते : अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासायचा आणि गुण दाखवील तोच भाग पुन्हा विभागायचा. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्याचे सोडियम लवण रुग्णांना दिले गेले. पण त्याने मूत्राशयाचा तीव्र दाह होऊ लागला आणि चाचण्या थांबल्या. कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ या विकराला डीएनएवरच अडकवून ठेवते, हे १९८५ मध्ये कळल्यावर संशोधनाने पुन्हा जोर धरला. टोपोटेकन व इरिनोटेकन यांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

सह्याद्रीतील उग्र वासाच्या नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन सापडते. त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली, ही या शोधाची दुःखद बाजू होय. नरक्याच्या ऊतींत राहणाऱ्या एका बुरशीतही ते आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र प्रयोगशाळेत वाढवताना अशा बुरशींचे उत्पादन घटत जाते. जंगलतोडीला खरा पर्याय लागवडीचाच आहे.