कमी खर्चात एमबीबीएस प्रवेश: नियोजन कसे कराल?

एमबीबीएसचा खर्च प्रामुख्याने तुम्हाला कोणती जागा मिळते यावर ठरतो. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क खासगी किंवा अभिमत विद्यापीठाच्या तुलनेत खूपच कमी असते. म्हणून कागदपत्रे आणि पसंतीक्रम यांची तयारी निकालाआधीच करा.

१. नीट परीक्षा
- शासकीय असो वा खासगी, एमबीबीएस प्रवेशासाठी नीट-यूजी अनिवार्य आहे. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. अर्ज भरतानाच भाषा निवडावी लागते.
- २०२५ च्या परीक्षेचे अर्ज शुल्क: सर्वसाधारण १,७०० रुपये, ओबीसी व ईडब्ल्यूएस १,६०० रुपये, अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग १,००० रुपये.
- शिकवणीचा खर्च परवडत नसेल, तर केंद्रीय शिक्षण मंत्रालय व आयआयटी कानपूर यांच्या ‘साथी’ पोर्टलवर तयारीचे साहित्य मोफत आहे.

२. दोन्ही ठिकाणी नोंदणी
- राज्य शासनाच्या महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के राज्य कोट्यातून. दोन्हींसाठी स्वतंत्र नोंदणी करा.
- राज्य कोटा प्रामुख्याने रहिवास आणि शिक्षण कोठे झाले यावर मिळतो. तुम्ही बेळगाव, इंदूर किंवा सुरत येथे राहत असाल, तर त्या राज्याचे नियम पाहा.

३. प्रमाणपत्रे
- अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसी प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातील हवे. तुमची जात फक्त राज्याच्या यादीत असेल, तर या कोट्यात ओबीसी आरक्षण मिळत नाही.
- महाराष्ट्रात राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याला वेळ लागतो. अकरावीतच अर्ज करा.

४. पसंतीक्रम भरताना
- अखिल भारतीय कोट्यासाठी परत मिळणारी अनामत सर्वसाधारण गटाला १०,००० रुपये व राखीव गटांना ५,००० रुपये असते. अभिमत विद्यापीठांसाठी ती २ लाख रुपये आहे.
- पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तरी अनामत बुडत नाही. दुसऱ्या फेरीत जागा मिळूनही प्रवेश न घेतल्यास ती जप्त होते.
- म्हणून ज्या महाविद्यालयाचे पूर्ण साडेचार वर्षांचे शुल्क, वसतिगृह व भोजन खर्च झेपणार नाही, ते यादीत टाकूच नका.
- सेवा बंधपत्राची मुदत व दंड राज्यानुसार वेगळे असतात, आधी वाचा.

५. शुल्कासाठी मदत
- अनुसूचित जातीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती: पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत.
- पीएम विद्यालक्ष्मी: निवडक संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण व जामीनदाराशिवाय कर्ज. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व निकषांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत.
- महाराष्ट्रातील योजनांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा.
- शिष्यवृत्तीची रक्कम प्रवेशानंतर येते. पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची सोय वेगळी ठेवा.

सावधान: नीटशिवाय किंवा समुपदेशन फेरीबाहेर ‘जागा मिळवून देतो’ असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. शुल्क व तारखा दरवर्षी बदलू शकतात. अर्जापूर्वी चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.